परमुलखांतील श्रद्धा : स्टीफन हिस्लॉप

गोंदिया जिल्ह्यांतील चोरखमाऱ्याचा तलाव आणि नागझिऱ्याचें रान हा गोंडांचा जुना मुलूख. या समाजाच्या भाषेची व गीतांची आरंभींच्या काळांत लेखी नोंद करणाऱ्यांत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे प्रमुख होत.

स्कॉटलंडांत १८१७ सालीं जन्मलेले हिस्लॉप १८४५ सालीं पत्नीसह नागपुरास आले. तेथें तेव्हां भोसल्यांचें राज्य होतें. मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोंचली ती १८६७ सालीं. तोंवरचा प्रवास बैलगाडीचा नाहींतर घोड्याचा. ऊन असह्य, भाषा परकी, आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारणारे फार थोडे. फळ दिसत नसतां काम न सोडणें हीच श्रद्धेची खरी कसोटी होय. हिस्लॉप यांनीं १८४६ सालीं शाळा उघडली, मराठी आत्मसात केली, सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह खडकांतील जीवाश्म अभ्यासले आणि गोंडांचीं लिंगोविषयींचीं गीतें टिपवून घेतलीं.

४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना ते एक शाळा तपासण्यासाठीं मागें राहिले. पुढें अंधारांत, पूर आलेला ओढा ओलांडतांना ते बुडाले. घोडा तेवढा परत आला.

त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापविले. त्यांच्या शाळेंतूनच १८८३ सालीं हिस्लॉप कॉलेज उभें राहिलें. त्यांच्या धर्ममताशीं कोणी सहमत असो वा नसो. शिकविण्यास आलेल्या या गृहस्थानें गोंडांचें म्हणणें कान देऊन ऐकलें, म्हणून तीं गीतें आज वाचावयास मिळतात.