विशेष शाळेतून कॉलेजात जाता येते का?

"डॉक्टर, आमच्या मुलाला कॉलेजात घेतील का हो?" वसई-विरार परिसरातील स्वमग्न मुलांचे पालक हा प्रश्न मला वारंवार विचारतात. मूल तेव्हा बहुधा सोळा-सतरा वर्षांचे झालेले असते. उत्तर 'होय, अनेकांना जाता येते' असे आहे. मात्र तयारी तेराव्या-चौदाव्या वर्षीच सुरू व्हायला हवी.

प्रथम एक गैरसमज दूर करू. स्वमग्नता म्हणजे बौद्धिक अक्षमता नव्हे. मेंदूच्या वाढीतील वेगळेपणामुळे या मुलांना संवाद साधणे, इतरांत मिसळणे, बदल स्वीकारणे जड जाते. काहींना गोंगाट व गर्दी सहन होत नाही. काहींमध्ये बौद्धिक अक्षमताही असते, पण अनेकांमध्ये ती नसते. अमेरिकेच्या टेंपल ग्रँडिन लहानपणी उशिरा बोलू लागल्या. १९८९ साली त्यांनी पशुविज्ञानात डॉक्टरेट मिळवली व पुढे त्या प्राध्यापक झाल्या.

विशेष शाळेत शिकल्यामुळे कॉलेजचे दार बंद होत नाही. अडचण वेगळीच आहे. अकरावीसाठी मान्यताप्राप्त मंडळाची दहावी लागते, पदवीसाठी बारावी. अनेक विशेष शाळांत स्वावलंबनाचे व हस्तकौशल्याचे शिक्षण मिळते. ते मोलाचेच, पण त्यातून आपोआप दहावी होत नाही.

दहावीचे दोन मार्ग आहेत. पहिला राज्य मंडळाचा. तेथे प्रमाणपत्र असल्यास लेखनिक व जादा वेळ मिळतो. दुसरा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला तेथे दहावीसाठी नाव नोंदवता येते. पाच विषय घ्यायचे. गणित सक्तीचे नाही, चित्रकला किंवा गृहविज्ञान चालते. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणून एका वेळी एक-दोन विषय देता येतात. मराठी माध्यमही आहे. मात्र गणित सोडले की पुढे कोणत्या शाखा बंद होतील, हे आधी विचारून घ्यावे.

आता कायद्याविषयी. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. २०१६ च्या कायद्यात तो झाला. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव असतात. वयाच्या कमाल मर्यादेतही पाच वर्षांची सूट आहे. यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागते. ते ऐन प्रवेशाच्या धावपळीत काढू नये. टक्का जास्त लिहिला गेला तर मुलाचे नुकसान होईल, अशी भीती काही पालकांना वाटते. महाराष्ट्रातील एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ टक्क्यावरून प्रवेश नाकारता येणार नाही. तो अभ्यासक्रम विद्यार्थ्याला झेपेल का, हे तपासले पाहिजे.

कॉलेज निवडताना नावापेक्षा अंतर पाहावे. वसईत वर्तक व गोन्सालो गार्सिया, विरारला विवा ही कॉलेजे असताना सकाळच्या लोकलच्या गर्दीत मुलाला मुंबईकडे धाडण्याआधी दहा वेळा विचार करावा. वर्ग सुरू होण्यापूर्वी मुलाला कॉलेजात नेऊन वर्ग, स्वच्छतागृह, कँटीन दाखवावे. वेळापत्रक लिहून द्यावे. अडचण आल्यास कोणाकडे जायचे, ते एक प्राध्यापक आधीच ठरवून घ्यावेत. गर्दी मुळीच सोसत नसेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहूनही पदवी घेता येते.

प्रत्येक मुलाला कॉलेज जमेलच असे नाही, आणि हातातले काम शिकून कमावणे हे कमीपणाचे नाही. पण ही निवड मुलाचा कल पाहून व्हावी, चौकशीला उशीर झाला म्हणून नव्हे. आपले मूल सातवी-आठवीच्या वयाचे असेल, तर याच आठवड्यात त्याच्या शाळेत जाऊन विचारा: "याला दहावीला कोणत्या मंडळातून बसवता येईल?"