मुंबईला पाणी, पाड्यावर टँकर

मुंबईत नळ सोडला की बादलीत पडतं ते जवळपास सगळं बाहेरगावचं पाणी! शहराच्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी एवढेच दोन मुंबईतले. तानसा, भातसा आणि वैतरणेवरची तीन धरणं ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांतली. तानसाचं पाणी १८९२पासून शंभरेक किलोमीटरवरून येतंय, तेही उताराच्या जोरावर. ही झाली अभियंत्यांची कमाल. पण तानसा, भातसा ज्या तालुक्यात आहेत, त्याच शहापूरमधल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. टँकर विहिरीत रिकामा होतो आणि बायका दोर-बादली घेऊन काठावर दाटी करतात.

दुधाची गोष्ट याहून सुखाची. १९४५च्या सुमारास आजच्या गुजरातमधल्या आणंदहून, चारशेहून जास्त किलोमीटरवरून, मुंबईला दूध येऊ लागलं. मक्ता पोल्सन डेअरीचा. या मक्त्याविरुद्ध १९४६मध्ये खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणंच बंद केलं. त्या लढ्यातून जो सहकारी संघ उभा राहिला, तोच पुढे ‘अमूल’ झाला!

 

कोलकात्याची तऱ्हा तर मला सगळ्यांत आवडते. तिथलं सांडपाणी शहराच्या पूर्वेला ‘भेरी’ नावाच्या उथळ तळ्यांत सोडतात. ऊन, शेवाळं आणि जीवाणू ते साफ करतात, मासे त्यावर पोसतात आणि कोलकात्याच्याच बाजारात येतात. पुढे तेच पाणी भातखाचरांना. सुमारे १२,५०० हेक्टरची ही पाणथळ २००२पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या ‘रामसर’ यादीत आहे. तिचं मोल जगाला पटवून देण्यात ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने उभं आयुष्य घातलं.

आता न्यूयॉर्क. तिथलं बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून येतं. १९९७मध्ये शहराने तिथल्या गावांशी करार केला. गुरं ओढ्यात उतरू नयेत म्हणून कुंपण घालायचं, घरोघरच्या नादुरुस्त सेप्टिक टाक्या बदलायच्या, आणि त्यासाठी पैसा शहराने द्यायचा. त्यातून शहराचा गाळण प्रकल्पाचा अब्जावधी डॉलरचा खर्च वाचला. मुंबईच्या पाणीपट्टीतूनही शहापूर-मोखाड्यासारख्या धरणांच्या तालुक्यांना असा हक्काचा वाटा मिळायलाच हवा, आणि त्यातला पहिला रुपया पाड्यांवरच्या नळयोजनांवर खर्च व्हावा.