लोहारसाळेतला अंधार

बलुतेदारांवरील पुस्तकांत लोहाराच्या अवजारांच्या याद्या सापडतात: भाता, ऐरण, घण, हातोडा, सांडशी, छिन्नी. भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ (१९६५) पाहिलेल्यांच्या डोळ्यांसमोर तर ही अवजारे उभीच राहतात. पण त्या जागेतला अंधार, आवाज आणि वास यांची नोंद मला फारशी आढळली नाही. गेली बारा-तेरा वर्षे सातारा-सांगलीकडच्या लोहारसाळा पाहत हिंडतो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की लोहाराची खरी मोजमापे याच तिन्हींत आहेत.

अंधाराचेच पाहा. ठेंगणे छप्पर, काजळलेल्या भिंती, उजेडाला एकच दार. पाहुण्याला हे दारिद्र्य वाटते. परंतु लोखंड तापत गेले की सुमारे ५०० ते ५५० अंश सेल्सियसला त्याची पहिली अंधुक लाली दिसते, तीही अंधारातच. भर उन्हात तोच तुकडा काळा दिसतो. ७५० ते ८०० अंशांच्या आसपास डाळिंबी लाल, पुढे नारिंगी, हजारांच्या वर पिवळा, आणि दोन तुकडे एकजीव करायचे तर जवळजवळ पांढरा. कोयत्याला पाणी पाजायचे ते डाळिंबी रंगावर. कमी तापला तर कडकपणा येत नाही. फाजील तापला तर पोलादाचा दाणा जाड होतो आणि धार तुटते.

पाणी पाजलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते दगडावर घासून पुन्हा हलके तापवतात. तेव्हा त्यावर सुमारे २२० अंशांपासून गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा रंग धावतो. हे रंग पात्यावरच्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थराचे. ते स्वतः प्रकाशत नाहीत, म्हणून पाहायला उजेड हवा. लोहार पाते घेऊन दाराशी येतो तो यासाठी. भट्टी आत आणि दार समोर, ही मांडणी दोन्ही रंगांची सोय करते.

आवाजाचेही तसेच. कारागिराचा लहान हातोडा जिथे पडतो तिथेच पुढचा घण बसतो. घिसाड्यांत हा घण बहुधा बाईच्या हाती असतो, आणि दोघांत शब्दाची देवघेव जवळजवळ नसतेच. तापलेल्या लोखंडावरचा ठोका बद्द वाजतो. तो खणखणू लागला की तुकडा परत निखाऱ्यात. वासाचे थोडक्यात सांगायचे तर, लाकडी कोळशाला गंधकाचा दर्प नसतो. दगडी कोळशाला असतो, आणि गंधक लोखंडात उतरले तर ते तापल्यावर फुटते.

चार वर्षांपूर्वी एका गावात रस्तारुंदीत जुनी साळ गेली. नवी शेड उंच, वर उजेडाचे पारदर्शक पत्रे. पहिल्याच हंगामात ऊसतोडीचे कोयते तुटून परत येऊ लागले. मुलाने दोष गाडीच्या पाट्याला दिला, कोयते त्याचेच करतात. म्हातारे काका मला म्हणाले, “पाट्याला काय झालंय? उजेडात रंग कळंना, म्हणून पोरगं जास्त तापवतंय.” त्यांनी पत्र्याखाली गोणपाट बांधले आणि तुटणे थांबले. गिऱ्हाईक मात्र सगळे परतले नाही. कारखान्यात झालेला कोयता बाजारात मिळतोच.

संग्रहालयांत ऐरण आणि भाता ट्यूबलाइटखाली ठेवलेले पाहतो तेव्हा मला हे गोणपाट आठवते. माझ्या नोंदवहीत आता अवजारांच्या आधी तीन रकाने असतात: दाराची दिशा, भट्टी दारापासून किती हात आत, आणि पाणी पाजण्याची वेळ. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच उत्तर आहे: दिवेलागण.