कातकामाचं लाकूड वाळवताना



सावंतवाडीची लाखेने रंगवलेली लाकडी फळं आणि खेळणी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. असं कातकाम आता काही बचत गटही लेथवर करू लागले आहेत. हात बसला की वस्तू देखणी होते. पण ती टिकणार की नाही, हे लाकूड वाळवतानाच ठरतं. ओल्या लाकडाची वाटी पुढे गिऱ्हाइकाच्या घरी तडकते, तिच्यावरची लाख सुटते. माल परत येतो, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

लाकूड तडकतं कशामुळे? झाडात पाणी बारीक नळ्यांतून वर चढतं. ओंडका तोडला की दोन्ही टोकांना या नळ्यांची तोंडं उघडी पडतात. तिथून पाणी झपाट्याने उडतं. टोकं आक्रसतात, मधला भाग ओलाच राहतो आणि या ओढाताणीत चीर पडते. म्हणून तोडल्या दिवशीच दोन्ही टोकांना वितळलेलं मेण किंवा जाडसर ऑइल पेंट लावायचा. जाड ओंडका अख्खा ठेवू नका. बरोबर मधोमध उभा चिरून ठेवा.

लाकूड उन्हात टाकू नका. पडवीत, सावलीत, वारा खेळेल असं ठेवा. जमिनीपासून वीतभर उंच रचा. दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर बुरशी येते. आंबा, पांगारा यांना कीडही लवकर लागते, म्हणून साल काढून टाका. पिठासारखा भुसा पडू लागला तर तो तुकडा लगेच बाजूला करा.

जाड फळीला इंचामागे साधारण वर्ष लागतं. वाटीसाठी मात्र सोपा मार्ग आहे. लाकूड ओलं असतानाच वाटी जाडसर कातायची. दहा इंच रुंद वाटीची कड एक इंच जाड ठेवायची. ती काही महिन्यांत वाळते, थोडी वाकडी होते. मग पुन्हा लेथवर चढवून गोल करायची.

वाळलं हे ओळखायला काटा हवा. तुकड्यावर तारीख आणि वजन लिहा, दर पंधरा दिवसांनी पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हाच्या वजनावर विसंबू नका, उन्हाळ्यातलं धरा.

गटाच्या वहीत जमाखर्चाशेजारी लाकडाच्या वजनाचंही एक पान ठेवूया. ते पान पाहूनच ऑर्डरची तारीख द्यायची.