पेज फक्त आजाऱ्याची नव्हे

ताप आला की पेज, पोट बिघडलं की पेज. म्हणून ती आजाऱ्याची किंवा गरिबाची, हे शहरात अनेकांच्या डोक्यात घट्ट बसलं आहे. कोकणात आणि गोव्यात मात्र पहाटेपासून शेतात राबलेल्या माणसाला दहा-अकराच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज लागते. सोबत खारातली कैरी, नाहीतर भाजलेला सुका बांगडा. हे पथ्य नव्हे, धडधाकट माणसाचं खाणं आहे. चीनच्या दक्षिणेत सकाळी पेजेत मासा किंवा मांस घालून खातात. जपानात ७ जानेवारीला सात हिरव्या पाल्यांची पेज करतात. कोरियात वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या सुमारास लाल अझुकी दाण्यांची पेज शिजते, म्हणजे तिथे ती सणाचीसुद्धा आहे.

चीनचं नाव निघालं की दुसरा गैरसमज येतो: हॉटेलातली 'काँजी' चिनी, तिचं नावही चिनी. पदार्थ चीनमध्ये फार जुना आहे, पण कँटनकडे त्याला 'जूक' म्हणतात. 'काँजी' हा शब्द तमिळ-मल्याळममधल्या 'कंजी'वरून, पोर्तुगीजांच्या तोंडून जगात गेला. त्याचा पुरावा आपल्या दारात आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. पटकीच्या प्रकरणात तो लिहितो की इथले लोक या रोगाला 'मोर्शी' म्हणतात. ही आपली मोडशीच! आणि रोग्याला मिरी-जिरं घातलेलं तांदळाचं पाणी देतात, त्याचं नाव 'कांजे'. पोर्तुगालमध्ये आजही कोंबडी-तांदळाच्या कढणाला 'कान्जा' म्हणतात आणि अशक्त माणसाला तेच देतात.

तिसरा गैरसमज घातक आहे: पेज पातळ, म्हणजे मधुमेहींना कितीही चालते. खरं तर भात जितका जास्त शिजतो तितका त्यातला स्टार्च फुलतो, फुटतो आणि भराभर पचतो. थकलेल्या पोटाला ती झेपते ती याचमुळे, आणि रक्तातली साखर झटकन चढते तीही याचमुळे. मधुमेहींनी वाटी लहान ठेवावी आणि सोबत उसळ किंवा मासळी घ्यावी. जुलाबातही पेज द्यावी, पण ती ओआरएसच्या जागी नव्हे. ओआरएसमध्ये मीठ-साखरेचं प्रमाण मोजलेलं असतं, पेजेत ते नसतं.

'पेजेत नुसतं पाणी, कस कुठला?' असंही ऐकू येतं. भात उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात, म्हणून उकडा तांदूळ पॉलिश केलेल्या सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाहून सरस. शिवाय पाणी ओतून दिलं जात नसल्याने शिजताना त्यात उतरलेलंही पोटातच जातं. उरला प्रश्न पाणी किती घालायचं याचा. जपानात त्याचं माप ठरलेलं आहे: नेहमीच्या दाट पेजेला तांदळाच्या पाचपट, बाळाच्या उष्टावणाला दहापट. कोकणात माप नाही. आज पेज कुणाच्या पुढ्यात जाणार, ते बघून पाणी पडतं.