दीपगृहांचा खर्च कोण भागवतो?

दीपगृहाचा प्रकाश समुद्रावरच्या प्रत्येकाला दिसतो. त्याचे तिकीट लावता येत नाही. म्हणून त्याचा खर्च बंदरात वसूल होतो. १९२७ च्या दीपगृह कायद्याने भारतीय बंदरात येणाऱ्या किंवा तिथून सुटणाऱ्या जहाजावर दीपशुल्क बसवले. आकारणी जहाजाच्या नोंदणीकृत टनभारावर होई आणि वसुली सीमाशुल्क अधिकारी करीत. शुल्क थकले, तर जहाजाला बंदर सोडण्याचा परवाना अडवता येई. एकदा भरणा केला की पुढचे ३० दिवस पुन्हा आकारणी नसे. पन्नास टनांखालील जहाजांना माफी होती. त्यामुळे कोकणातल्या लहान मासेमारी होड्यांना हा प्रकाश फुकट मिळे. २०२१ मध्ये या कायद्याची जागा सागरी नौकानयन साहाय्य कायद्याने घेतली. रडारसारख्या आधुनिक साधनांचाही त्यात समावेश असून शुल्काची पद्धत कायम आहे. ब्रिटनमध्येही दीपगृहांचा खर्च प्रामुख्याने जहाजांकडून घेतलेल्या शुल्कातूनच भागतो.

समुद्रापासून दूर असलेले सोलापूरही या साखळीत येते. इथले टॉवेल परदेशी जाताना जहाज कंपनी दीपशुल्क आपल्या खर्चात धरते आणि तो खर्च अखेर मालवाहतुकीच्या भाड्यातून वसूल होतो.