परभाषा-अध्ययनातील प्रेरणा : अभियांत्रिकी विद्यार्थी व स्पॅनिश भाषा

परकी भाषा शिकण्यास प्रवृत्त करणाऱ्या आणि तो अभ्यास दीर्घकाळ टिकवून धरणाऱ्या मानसिक शक्तीस परभाषा-अध्ययनाची प्रेरणा म्हणतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांबाबत तिचा प्रश्न विशेष बिकट असतो. कारण भाषा हा त्यांचा मुख्य विषय नसून प्रयोगशाळा, आरेखन व परीक्षा यांतून उरलेला वेळच तिच्या वाट्यास येतो. व्यवसायाचे सर्व काम इंग्रजीत भागते, हा समजही आड येतो.

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासास कॅनडातील रॉबर्ट गार्डनर व वॉलेस लँबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी चालना दिली (१९५९). माँट्रिऑलमधील इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांच्या फ्रेंचच्या अभ्यासावरून त्यांनी दोन वृत्ती वेगळ्या केल्या : नोकरी, बढती यांसाठी भाषा शिकण्याची साधनपर आणि त्या भाषेच्या समाजाशी जवळीक साधण्याची समरसतापर. झोल्तान डॉर्न्यइ या हंगेरियन भाषावैज्ञानिकाने २००५ मध्ये यापुढे जाऊन, ती भाषा बोलणारी आपली भावी प्रतिमा विद्यार्थ्यास किती स्पष्ट दिसते, यावर भर दिला.

अभियांत्रिकी विद्यालयांत सामान्यतः साधनपर हेतूच पुढे केला जातो. स्पॅनिश ही सुमारे २० देशांची राजभाषा असून सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे, तेव्हा ती शिकल्याने संधी वाढतील, असे विद्यार्थ्यास सांगितले जाते. हे खरे असले, तरी पुरेसे नाही. अमेरिकी परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षणसंस्थेच्या अनुभवानुसार इंग्रजी भाषकास स्पॅनिशमध्ये व्यावसायिक प्रावीण्य मिळविण्यास सुमारे ६०० ते ७५० तासांचे वर्ग लागतात. आठवड्यास ३ तास व १५ आठवड्यांचे सत्र धरल्यास चार सत्रांत केवळ १८० तास होतात. दाखविलेले फळ अभ्यासक्रमाच्या आवाक्याबाहेरचे असते आणि हिशेबी स्वभावाच्या विद्यार्थ्यास ते लवकरच उमगते. दुसऱ्या सत्रानंतर वर्ग ओस पडल्यास दोष त्याच्या आळसास देणे न्याय्य नव्हे.

उद्दिष्ट जवळ आणणे हा यावरील मुख्य उपाय होय. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठाने १९८७ मध्ये जर्मन भाषेपासून सुरू केलेला उपक्रम या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्यात पुढे फ्रेंच, स्पॅनिश व चिनी या भाषांची भर पडली. पाच वर्षांत विद्यार्थी अभियांत्रिकीची व भाषेची अशा दोन पदव्या घेतो. त्यांपैकी एक वर्ष परदेशात जाते, काही काळ तेथील विद्यापीठात व सहा महिने उद्योगसंस्थेत. ठरलेल्या दिवशी परक्या कारखान्यात उभे राहावयाचे आहे, हे ठाऊक असलेल्या विद्यार्थ्यास क्रियापदांची रूपे निरर्थक वाटत नाहीत. अर्थात असा उपक्रम खर्चिक असून प्रत्येक संस्थेस तो झेपणारा नाही.

वर्गातील आशयाची निवड मात्र प्रत्येक शिक्षकाच्या हाती असते. ‘मोतोर’, ‘तुर्बिना’, ‘एनेर्खिया’, ‘रेसिस्तेन्सिया’ यांसारख्या लॅटिन-ग्रीक मूलाच्या शब्दांमुळे यंत्राची माहितीपत्रके नवशिक्यासही अंशतः वाचता येतात. हे प्रारंभीचे यश मोलाचे असते. त्याचबरोबर सावधगिरीचे धडेही तेथेच मिळतात. ‘फाब्रिका’ म्हणजे कापड नसून कारखाना. स्पॅनिश ‘बियोन’ म्हणजे दशलक्ष दशलक्ष, तर आजच्या इंग्रजीतील बिलियन त्याचा सहस्रांश. अंदाजपत्रकात ही गफलत महागात पडेल. शिवाय स्पेनमध्ये दशांशचिन्ह म्हणून बहुधा स्वल्पविराम, तर मेक्सिकोत बिंदू वापरतात. तथापि केवळ तांत्रिक शब्दावलीवर भिस्त ठेवणे चूक ठरते. कारागिराशी दोन वाक्ये बोलता न येणाऱ्यास परिभाषेचा फारसा उपयोग नाही.

विद्यार्थ्याची मातृभाषा हेही प्रेरणेचे एक साधन आहे. परंतु भारतात स्पॅनिश बहुधा इंग्रजीच्या आधारे शिकविली जात असल्याने ते वाया जाते. ‘मे गुस्ता’ ही रचना इंग्रजी भाषकास उलटी वाटते. मराठी भाषकास ती ‘मला आवडते’ याच घाटाची असल्याने सहज कळते. स्पॅनिशमधील त, द हे दंत्य उच्चार त्याच्या जिभेस परके नाहीत. ‘तू’ व आदरार्थी ‘उस्तेद’ यांतील भेद त्यास नव्याने समजवावा लागत नाही. निर्जीव वस्तूंस लिंग असते, याचेही त्यास नवल वाटत नाही; फक्त नपुंसकलिंगी नामांची सवय सोडावी लागते.